सोलापुरात खोली घेताय? आधी बाथरूमचा गिझर बघा

शिक्षणासाठी, एमआयडीसीतल्या नोकरीसाठी किंवा बदलीवर सोलापुरात येताय, तर खोली बघायला गेल्यावर पाणी किती दिवसांआड येतं हे विचारालच. इथे नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा जरूर विचारा. पण त्याच फेरीत बाथरूमचं दार उघडून गॅस गिझर कुठे बसवलाय तेही बघा. मी कोकणातून आलो आणि इथलाच झालो. जुळे सोलापूर असो की विजापूर रोड, भाड्याच्या घरांत एक गोष्ट हमखास दिसते: इवल्याशा बाथरूममध्ये आतच टांगलेला गिझर, आणि गार वारा येतो म्हणून झरोक्यात कोंबलेली जुनी चादर. असं दिसलं तर भाडं कितीही परवडो, मालकांशी बोलल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

गॅस जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. कोंदट जागेत तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं. पित्त झालं असेल असं वाटेपर्यंत अंगातलं त्राण जातं आणि कडी काढायला हात उठत नाही. गळती झाली तर वास येईलच, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण सिलिंडरच्या गॅसचा तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. या विषारी वायूला तो नसतो.

गिझर बाल्कनीत किंवा मोकळ्या डक्टला हवा, आत फक्त गरम पाण्याचा नळ. मालकांना नीट समजावलं तर बरेच जण ऐकतात. ते होईपर्यंत झरोका मोकळा करा, दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला बसा. गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, जानेवारीत पाहुणे येतात, पहाटे आंघोळींची रांग लागते आणि गिझर चालूच राहतो. तेव्हा जास्त सांभाळा, पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

टाकीतलं पाणी खाली गेलं की गिझर मध्येच विझतो. तो बिघाड नव्हे, पाण्याचा दाब नसेल तर गॅस बंद व्हावा अशीच त्याची रचना असते. बोअरचं पाणी मात्र जड, कॉइलमध्ये क्षार धरतात. ज्वाला निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर मेकॅनिकला दाखवेपर्यंत वापरूच नका.

सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरचं अक्षर आणि वर्ष वाचा, ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ती मुदत उलटलेली असेल तर परत करा. नळी केशरी, सुरक्षा छापाचीच घ्या आणि 5 वर्षांनी बदला.

गॅसचा वास आला तर दिव्याचं, एक्झॉस्ट फॅनचं, कुठलंच बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करून दारं सताड उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही. सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच 1906 ला फोन करा. आंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर वाट बघू नका, दार तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन लावा.