अ‍ॅब्सॉर्बन्सवरून अननोनचं कॉन्सन्ट्रेशन काढताय? या चुका टाळा

मुंबईत टीवाय केमिस्ट्रीच्या पोरांची प्रॅक्टिकल्स घेते मी, आणि दर वर्षी तेच बघते, स्पेक्ट्रोफोटोमीटर मशीनवरचं रीडिंग, म्हणजे सोल्युशनने किती प्रकाश शोषला ते सांगणारा अ‍ॅब्सॉर्बन्स, बरोबर असतं पण जर्नलमधलं उत्तर चुकलेलं असतं. जीव तुटतो अगदी, कारण सकाळपासून उभं राहून केलेलं काम शेवटच्या दोन ओळींत वाया जातं.

आयर्नचंच घ्या. फेनॅन्थ्रोलिन हा रीएजंट घालून नारिंगी कलर आणायचा, ५१० नॅनोमीटरला वाचायचं, एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये (सोल्युशन भरायच्या पारदर्शक डबीत) १ पीपीएमला (लिटरला १ मिलिग्रॅम) साधारण ०.२ येतं, म्हणजे १ ते ५ पीपीएमची स्टँडर्ड्स (कॉन्सन्ट्रेशन माहीत असलेली सोल्युशन्स) ०.२ ते १.० मध्ये छान बसतात. समजा या स्टँडर्ड्सच्या ग्राफची लाइन आली वाय = ०.१९८ एक्स + ०.०१० (वाय अ‍ॅब्सॉर्बन्स, एक्स पीपीएम) आणि अननोन, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन काढायचं ते सॅम्पल, आला ०.५०५, तर आधी ०.०१० वजा करा, मग ०.१९८ ने भागा, २.५ पीपीएम. इंटरसेप्ट, म्हणजे ते ०.०१०, विसरलात तर इथे फारसं बिघडत नाही, २.५५ येतं, पण अननोन ०.०५ असेल ना, तर ०.२० च्या जागी ०.२५ येतं, चक्क पाव पट जास्त! आणि सॅम्पल १० एमएलचं १०० एमएल केलं असेल तर खरं उत्तर २५ पीपीएम, हे १० ने गुणायचं निम्मी मुलं विसरतात. १ एमएलमध्ये १० एमएल पाणी घातलं तर फॅक्टर ११ होतो, १० नाही, हेही लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. अननोन १.८ आला की लाइन पुढे ओढून उत्तर काढतात. अरे, १.८ म्हणजे जेमतेम दीड टक्का प्रकाश पलीकडे पोचतोय, तिथे लाइन सरळच राहील कशावरून? मग सांगितलं की डायल्यूट करा, तर कलर आलेलं सोल्युशनच डायल्यूट करतात. ते नको. एका आयर्नला तीन फेनॅन्थ्रोलिन लागतात, रीएजंट आधीच संपला असेल तर पाणी घालून काय होणार, म्हणून मूळ सॅम्पल डायल्यूट करा आणि कलर परत पहिल्यापासून आणा.

ब्लँक, म्हणजे मशीन झीरो करायचं सोल्युशन, हे नुसतं पाणी नाही, आयर्न सोडून बाकी सगळं त्यात हवं. त्याच ब्लँकवर मशीन झीरो केलं असेल तर ब्लँकचं रीडिंग पुन्हा वजा करू नका.

जुलैत आपल्याकडे अजून एक भानगड असते, फ्रिजमधून काढलेलं स्टँडर्ड तसंच ओतलं की दमट हवेत क्युवेटला बाहेरून दव धरतं आणि रीडिंग हळूहळू वर सरकत राहतं. सोल्युशन रूम टेंपरेचरला येऊ द्या, क्युवेट टिश्यूने पुसा, बोटं फक्त खरखरीत बाजूला लावा.

एक्सेलवाल्यांनो, ट्रेंडलाइनवर स्लोप (एक्सच्या आधीचा आकडा) ०.०००२ असा दिसत असेल तर तो राउंड केलेला आहे, खरा ०.०००१६ही असू शकतो, तेव्हा दशांश वाढवून बघा आणि मगच भागा.