विभक्तीचे प्रत्यय जुळवून कसे बघायचे (संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि आपली मराठी)

शाळेत "स, ला, ते" पाठ केलेलं सगळ्यांनाच आठवतं, पण हे प्रत्यय आले कुठून हे स्वतः शोधायला फार मजा येते आणि त्यासाठी पदवी वगैरे काही लागत नाही. एक लांब वही घ्या, आडवी धरा आणि तीन रकाने पाडा, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचे. मी हे बरंचसं विरार लोकलमध्ये बसून केलंय.

पहिला शब्द नीट निवडा. मी सुरुवात "देव" पासून केली आणि शेजारी ग्रीक "थेओस" लिहिला, दोन दिवस वाया गेले, कारण दिसायला सारखे असले तरी त्यांचं काही नातं नाही. देवचा खरा भाऊ लॅटिन "देउस". शिवाय व्यंजनान्त (शेवटी व्यंजन असलेला) शब्द घ्या, त्यात मूळ शब्द कुठे संपतो आणि प्रत्यय कुठे सुरू होतो ते स्पष्ट दिसतं. पाय हा शब्द बेस्ट.

क्रम प्रथमा, द्वितीया, षष्ठी, सप्तमी. संस्कृत: पात्, पादम्, पदः, पदि. ग्रीक: पूस, पोदा, पोदोस, पोदि. लॅटिन: पेस, पेदेम, पेदिस.

आता द्वितीयेवर थांबा. पादम्, पोदा, पेदेम, तिन्ही वेगळे वाटतात ना? या तिन्ही भाषा ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या तिच्यात हा प्रत्यय नुसता "म्" होता, पण द् च्या नंतर नुसता म् आला की तो स्वरासारखा उच्चारावा लागतो, मग लॅटिनने त्याचं "एम" केलं, ग्रीकने "अ" केलं आणि संस्कृतमध्ये "अम्" दिसतं. लांडग्याच्या शब्दात आधीच स्वर आहे, तिथे हाच म् सरळ सापडतो: वृकम्, लुपुम, आणि ग्रीक लुकोन, कारण ग्रीकमध्ये शब्दाच्या शेवटचा म् नियमाने न् होतो. असा नियम प्रत्येक शब्दात लागला तरच नातं धरायचं, नुसतं साम्य धरायचं नाही.

दुसरी गोष्ट, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच: विभक्तीच्या नावावर जाऊ नका. ग्रीक "पोदि" ला व्याकरणात चतुर्थी म्हणतात पण तिचा इ आपल्या "पदि" चा, म्हणजे सप्तमीचा आहे. मूळ भाषेत संबोधन धरून आठ विभक्त्या होत्या, संस्कृतने त्या आठही ठेवल्या, ग्रीकमध्ये पाचच उरल्या, मग एका प्रत्ययाने दुसऱ्याचं काम उचललं.

आपल्याकडेही हेच झालंय. प्राकृतात चतुर्थीचं काम षष्ठी करायला लागली, रामस्य चं रामस्स झालं, आणि आपण आज "रामास दिले" लिहितो तो "स" म्हणजे तोच "स्य", पुस्तकात नाव मात्र चतुर्थी. हाच "स्य" होमरच्या ग्रीकमध्ये "ओइओ" असा आहे. शास्त्रीय लॅटिनमध्ये तो नाहीच, तिथे लुपी (लांडग्याचा) होतं, पण 1977 साली इटलीत सात्रिकुमला एक शिलालेख सापडला, इसवी सनापूर्वी 500 च्या आसपासचा, त्यात "पोप्लिओसिओ वालेसिओसिओ" असं कोरलंय, म्हणजे पुब्लिउस वालेरिउसचा. तो "ओसिओ" पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला, रामस्य समोर उभा राहिला अक्षरशः.

संस्कृत ते मराठी हा टप्पा नीट समजून घ्यायचा असेल तर भांडारकरांची विल्सन व्याख्यानं वाचा, 1877 ची, आपल्याच मुंबई विद्यापीठातली.

आणि कान उघडे ठेवा. "दादरला उतरतो" म्हणणारा माणूसच "गणपतीत गावी जातो" म्हणतो, गावाला पण म्हणतो, पण "दादरी उतरतो" कोणी म्हणत नाही. घरी, गावी, सासरी, माहेरी, अशा मोजक्या शब्दांत जुनी सप्तमी चिकटून राहिलीय, जशी लॅटिनमध्ये "दोमी" (घरी) मध्ये आणि ग्रीकमध्ये "ओइकोइ" मध्ये राहिली. वहीच्या मागच्या पानावर असे ई वाले शब्द जमवत जा, आईआजीला विचारा, रोज एखादा तरी नवीन मिळतो.