डिलिव्हरीआधी सांगा, गाडी धुऊ नका

जळगाव-धुळ्याकडे नवी गाडी घेत असाल, तर बुकिंगच्या वेळीच लेखी सांगून ठेवा: डिलिव्हरीआधी गाडी धुऊ नका, पुसू नका, पॉलिशही मारू नका. यार्डात उभ्या गाडीवर आपल्या काळ्या मातीची धूळ बसलेली असते. तीच धूळ घाईघाईत, आधीच दहा गाड्या पुसलेल्या फडक्याने घासली की रंगावरच्या क्लिअर कोटवर बारीक ओरखडे उठतात. हा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे जपावं तेवढं थोडं.

शोरूमच्या ट्यूबलाइटखाली हे ओरखडे लपतात. गाडी उन्हात काढायला लावा आणि बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब बघा. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या, तर फोटो काढा आणि ताबा-पावतीवर नोंद करूनच सही करा. काळ्या आणि गडद रंगावर तर हे फारच उठून दिसतं. ‘पॉलिश करून देतो’ म्हणाले, तर कशाने ते विचारा. नुसत्या ग्लेझने, म्हणजे ओरखडे तात्पुरते भरून चकाकी देणाऱ्या लेपाने, ते बुजतात आणि काही धुण्यांत परत उघडे पडतात. मशीन पॉलिशने ते खरे जातात, पण क्लिअर कोटही थोडा झिजतो. म्हणून जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या.

घरी कोरडं फडकं फिरवूच नका. आधी पाण्याच्या धारेने धूळ उतरवा, मग गाडी धुवायच्या हातमोज्यासाठी शाम्पूची एक बादली, तो खळबळायला साध्या पाण्याची दुसरी. उन्हाळ्यात सावलीत धुवा. बोअरचं जड पाणी तापल्या पत्र्यावर वाळलं की पांढरे डाग धरतं.