पंप पुढे, पंक्चर मागे : डोंगरातल्या सायकल सफरीत या चुका टाळा

खिंड अजून सहा किलोमीटर वर होती आणि माझं मागचं चाक बसलं. ट्यूब जवळ होती, पॅच होते, टायर उचकटायचे लिव्हर होते; पंप नव्हता. चौघांत मिळून एकच पंप, आणि तो आमच्यातल्या सगळ्यात दमदार गड्याच्या बॅगेत. तो केव्हाच खिंड ओलांडून पलीकडच्या उताराला लागला होता. फोनला रेंज नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. लादलेली सायकल ढकलत खिंडीत पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. पंधरा मिनिटांचं काम पाच तास खाऊन गेलं.

डोंगरात बिघाड बहुतेक छोटेच असतात. दोन मित्रांमधलं अंतर त्यांना मोठं करतं. म्हणून कुणी सामानाची यादी दाखवली की मी आता एवढंच विचारतो: ही वस्तू कुणाच्या बॅगेत, आणि तो माणूस त्या वेळी कुठे असणार?

सामान वाटताना

तंबूचं कापड एकाकडे, काठ्या दुसऱ्याकडे. स्टोव्ह एकाकडे, गॅस दुसऱ्याकडे, लायटर तिसऱ्याच्या खिशात. घरी बसून वजनाची ही वाटणी फार न्याय्य वाटते. संध्याकाळी चुकामूक झाली की ना याला छप्पर, ना त्याला गरम पाणी. तंबू अख्खा एकाकडे द्या, स्टोव्ह गॅस-लायटरसकट दुसऱ्याकडे. पंप, दोन ट्यूब, पॅच, लिव्हर, उबदार जॅकेट, टॉर्च आणि एका रात्रीपुरतं खाणं मात्र ज्याचं त्याच्याकडे. चेन तोडायचं-जोडायचं चेन टूल, जादा स्पोक, केबल ही सामाईक हत्यारं पिछाडीच्या भिडूकडे. मागून येणारा पुढच्याच्या बिघाडापर्यंत कधी ना कधी पोहोचतो. पुढे गेलेला चढ उलटा चढून येईल याचा भरवसा नसतो.

निघण्याआधी सगळ्या सायकली शेजारी शेजारी उभ्या करून पाहा. टायरचे माप वेगळे, व्हॉल्व्ह वेगळे, तर एकाची ट्यूब दुसऱ्याच्या कामाची नाही. चेन जोडणारी सुटी कडी, म्हणजे क्विक लिंकही, नऊ गिअरची दहाला चालत नाही. चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तो हँगर तर जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा निराळा. सायकल आडवी पडली की आधी तोच वाकतो, आणि तो वाकला की डिरेलर स्पोकमध्ये जायची भीती. ज्याने त्याने आपल्या फ्रेमचा एक जादा ठेवावा. वजन नगण्य आहे.

थांबायचा नियम आमचा आता साधा आहे. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही, आणि मोठ्या उताराला लागण्याआधी सगळे एकत्र. ऐन खिंडीत मात्र ताटकळू नका. घामाने भिजलेल्या अंगाला तिथला वारा दहा मिनिटांत गारठवतो. थोडं अलीकडे, आडोशाला थांबा.

किलोमीटरवर आखलेला दिवस

"रोज ऐंशी किलोमीटर" हे गणित सपाटीवरचं. डोंगरात चढाईचे मीटर मोजायचे. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा आणि पायांतून सतत १०० वॅट निघतात असं समजा. १००० मीटर चढायला किमान पावणेतीन तास लागतात, तेही हवेचा आणि खडीचा अडथळा न धरता. सामान १० किलोने वाढवलं की त्याच चढाला सुमारे सोळा मिनिटं जास्त. तिसरी जीन्स घेणाऱ्याला हा हिशेब ऐकवावा.

गिअरचंही तसंच. पुढे ३४ दात आणि मागे मोठ्यात मोठं दातेरी चाक २८ दातांचं असेल, तर ताशी ५ किलोमीटरने चढताना पेडल मिनिटाला जेमतेम तीस वेळा फिरतं. म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर अख्खा भार. पुढे २२ आणि मागे ३४ असेल तर त्याच वेगाला साठच्या आसपास फेऱ्या मिळतात. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी चार-पाच मिलिमीटरच हलवा आणि एक दिवस पाहा.

सकाळी उशिरा निघणं हीही चूकच. ऊन तापलं की दुपारी दरीतून वर वारा सुटतो, आणि बर्फ वितळून आलेले ओढे दुपारनंतर फुगतात. पहाटे घोट्याइतकं पाणी असतं तिथे चार वाजता मांडीला लागतं.

पंक्चर पुन्हा पुन्हा होतंय?

नवी ट्यूब घातली, अर्ध्या तासात पुन्हा बसली, मग तिसरी. नव्वद टक्के लोक इथे ट्यूबला शिव्या घालतात. कारण टायरमध्ये असतं. टायर चढवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणायची सवय ठेवा. मग ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहून टायरवर नेमकी तीच जागा गाठता येते. आतून बोट फिरवा, पण हळू. फाटलेल्या टायरमधून निघालेली तार बारीक असते आणि बोटात घुसते. मला एकदा तीन मिलिमीटरची तार सापडली, ती बाहेरून बिलकुल दिसत नव्हती. टायर मुडपला तेव्हा कुठे टोक चमकलं.

दोन भोकं शेजारी शेजारी, साप चावल्यासारखी असतील तर काटा शोधू नका. हवा कमी होती आणि दगडावर ट्यूब रिमने चिरडली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे. टायरच बाजूने चिरला असेल तर जुन्या टायरचा तुकडा आतून लावा. अशा तुकड्यावर शंभर किलोमीटर गेलेले लोक मी पाहिलेत.

स्पोक तुटायचा तो बहुधा मागच्या चाकाचा, गिअरच्या बाजूचा, कारण तिथे ताण सर्वांत जास्त. बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा गठ्ठा, काढावी लागते, म्हणून नुसते जादा स्पोक नेऊन भागत नाही, त्याची हत्यारंही हवीत. ती नसतील तर तुटका स्पोक शेजारच्याला गुंडाळा, पलीकडच्या बाजूचे लगतचे दोन स्पोक अर्धा-अर्धा आटा सैल करा आणि चाक ब्रेकला घासत नाही ना ते पाहून हळू चालवा.

उतारावर

ब्रेक सतत हलका धरून उतरणं सुरक्षित वाटतं, पण तसंच पॅड आणि डिस्क तापतात आणि ब्रेक मऊ पडतो. रिम ब्रेक असेल तर तापलेल्या रिमने ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावा, वेग पाडा, मग सोडून द्या. मध्येच थांबून सगळं निवू द्या. हायड्रॉलिक ब्रेक असेल आणि चाक काढलेलं असेल तर ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका, पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात. पॅडमधल्या फटीत पुठ्ठ्याची घडी सारून ठेवा.

रात्री पाणी गोठत असेल तर पाण्याचा फिल्टर आणि पॉवर बँक झोपायच्या पिशवीत घ्या. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की बाहेरून धड दिसतो, पण त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

उंची आणि लपवाछपवी

मध्य आशियातल्या पामीर महामार्गावरची अक-बैताल खिंड ४६५५ मीटरवर आहे, लडाखमधली तांगलांग ला ही खिंड ५३०० च्या वर. साधारण २५०० मीटरपासूनच विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. ३००० च्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून उंच नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. दिवसा खिंड चढून खाली येऊन झोपलात तर हरकत नाही. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली की आणखी वर जायचं नाही. तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली की ताबडतोब खाली, रात्र असली तरी.

हे सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते दुसरीकडेच. मित्रांसमोर कुणी कबूल करत नाही, आणि आजाऱ्याबरोबर खाली कोण जाणार हे घरी ठरलेलं नसतं. आमचंही ठरलं नव्हतं. खिंडीखालच्या मुक्कामी चौथ्याला सकाळी दोनदा उलटी झाली. तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी एकटाच उतरतो." आम्ही तिघं बुटांच्या नाड्यांकडे बघत होतो; खरं सांगायचं तर हो म्हणायच्या बेतात होतो. मग तो पंपवाला गडी उठला आणि काही न बोलता तंबूचे खिळे उपटायला लागला.