परदेशातील व्याख्यानासाठी लहान अनुदान: नागपूरच्या वक्त्यांनी अर्ज कसा करावा

दीक्षाभूमीचा इतिहास मांडणारे अभ्यासक, झाडीपट्टीची दंडार हे लोकनाट्य सादर करणारे कलावंत, संत्र्यावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ असे परदेशी श्रोत्यांना खरोखर काही सांगू शकणारे लोक विदर्भात आहेत. मात्र असे अनुदान दिल्ली-मुंबईच्या मंडळींसाठीच असते, असे गृहीत धरून यांपैकी अनेक जण अर्जच करत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रथम दाता ओळखावा. १९५० साली स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत असून कलापथके निवडताना ती मुख्यतः आपल्या सूचीतील कलावंतांचा विचार करते. म्हणून कलावंताने आमंत्रणाची वाट न पाहता आधी या सूचीसाठी अर्ज करावा. सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांनी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रवास अनुदानाची, तर ब्रिटनला जाऊ इच्छिणाऱ्या कला व मानव्यविद्यांच्या क्षेत्रातील व्यक्तींनी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची चौकशी करावी. परदेशातील भारत-मैत्री संस्थांना आपले सांस्कृतिक मंत्रालय भारतीय दूतावासांमार्फत साहाय्य देते, त्यामुळे अशा संस्थेशी ओळख असल्यास अर्ज तिने करणेच अधिक सोयीचे ठरते.

माझ्या मते सारे काही आमंत्रणपत्रावर अवलंबून असते. ‘आपण आल्यास आनंद होईल’ एवढ्या मजकुराच्या पत्रावर कोणीही पैसे देत नाही. कार्यक्रमाची तारीख आणि स्थळ, श्रोते कोण व साधारण किती, भाषा कोणती, दुभाषा लागणार का, निवास, भोजन व स्थानिक प्रवास यांपैकी कोणता खर्च यजमान करणार आणि कोणता करणार नाही, हे त्या पत्रात स्पष्ट असले पाहिजे. लहान अनुदान सहसा संपूर्ण दौऱ्याला पुरत नाही, ते उरलेली तूट भरून काढते. म्हणून तूट किती आणि ती का पडते, हे दात्याला पत्रावरूनच कळायला हवे. असे पत्र हाती येईपर्यंत बराच काळ जातो, त्यामुळे निदान सहा महिने आधी पत्रव्यवहार सुरू करावा.

प्रस्तावात स्वतःच्या गौरवापेक्षा श्रोत्यांचा विचार अधिक दिसावा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेवर जपानमध्ये बोलायचे असेल, तर जपानी सहकार्यातून उभ्या राहिलेल्या कामठीच्या ड्रॅगन पॅलेस मंदिराचा संदर्भ घ्यावा. तेथील श्रोत्यांना हा विषय आपल्याशी जोडलेला आहे, हे त्यातून लगेच उमगते. व्याख्यानाला जोडून एखाद्या महाविद्यालयात चर्चासत्र ठेवता आले, तर त्याच विमानभाड्यात दुसरा श्रोतृवर्गही मिळतो.

अंदाजपत्रकात नागपूरहून मुंबई किंवा दिल्लीपर्यंतचा प्रवास, व्हिसाशुल्क, विमा आणि वाद्यांच्या जादा सामानाचे भाडे या बाबी हटकून राहून जातात. मानधन मिळणार असेल, तर व्हिसाची अट आधी तपासावी. अमेरिकेत व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर शैक्षणिक संस्थेत मानधन घेता येते, मात्र एका संस्थेतील काम ९ दिवसांपेक्षा अधिक नसावे आणि मागील ६ महिन्यांत असे मानधन ५ पेक्षा अधिक संस्थांकडून घेतलेले नसावे.

यापुढचा भाग कायद्याचा आहे आणि त्यात हयगय मुळीच चालत नाही. विदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० नुसार शासकीय सेवकांना तसेच शासनाच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालील संस्थांतील कर्मचाऱ्यांना परदेशी यजमानाचा पाहुणचार स्वीकारण्यापूर्वी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागते. त्यासाठीचा अर्ज आमंत्रणपत्र आणि आपल्या विभागाच्या मंजुरीसह सर्वसाधारणपणे प्रवासाच्या दोन आठवडे आधी पोहोचावा लागतो. परदेशी अनुदान संस्थेच्या नावे येणार असेल, तर त्या संस्थेकडे या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलीच पाहिजे, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेच्या खात्यात पैसे मागवून ते आपल्याकडे वळते करून घेण्याचा मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. तसा सल्ला कोणी दिलाच, तर तो ठामपणे नाकारावा.

परत आल्यावर अनुदान ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचे दाखवणाऱ्या विनियोग प्रमाणपत्रासोबत बोर्डिंग पास, मूळ पावत्या, कार्यक्रमाची छायाचित्रे आणि यजमानांचे पत्र मुदतीत सादर करावे.