आपलं गाणं, आपलंच कव्हर: तीस प्रतींचा पहिला अल्बम

तुणतुण्यावरची गाणी आणि कव्हरवरचं चित्र दोन्ही स्वतःचं असेल, तर पहिली खेप तीसच प्रतींची काढा. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये गायक डॅनियल जॉन्स्टन 1983 मध्ये साध्या कॅसेट रेकॉर्डरवर गायला, कव्हरवर स्वतःच बेडूक काढला आणि कॅसेटी लोकांच्या हातात दिल्या. भारी यंत्र नसलं तरी चालतं, खोली मात्र नीट निवडावी लागते.

खानापूर-बेळगावकडे जून ते सप्टेंबर कौलांवर पाऊस वाजतो आणि तुणतुण्याचं कातडं ढिलं पडून स्वर उतरतो. म्हणून रेकॉर्डिंग दिवाळीनंतर, होळीच्या आत करा. थंडीत पंखाही बंद ठेवता येतो. पुढच्या सोप्यापेक्षा आतलं माजघर बरं. भिंतीला धान्याची पोती, दारावर वाकळ टाकली की घुमणं कमी होतं. आधी दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करून ऐका, फ्रिजची घरघर तिथेच सापडते. फोनवर वाव (आवाज न दाबता साठवणारी) फाइल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट निवडा. तोंडापासून माइक एक वीत, थोडा तिरपा, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ला फुंकर आदळते. पातळी उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये ठेवा; शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. गळा आणि तुणतुणं एकत्रच घ्या. वेगवेगळं घेतलं की लयीतली ओढ जाते, आणि या गाण्यांचा जीव त्या ओढीतच असतो.

कव्हर लिनोवर, म्हणजे ठसे काढायच्या मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर, कोरा: साडेबारा सेंटिमीटर चौरस. चित्र बटर पेपरवर मऊ पेन्सिलीनं काढून पालथं घासा, म्हणजे अक्षरं लिनोवर आपोआप उलटी उमटतात आणि छापल्यावर सुलटी येतात. लिनो उन्हात दहा मिनिटं ठेवला की मऊ कापतो. नाव मराठी आणि कन्नड दोन्हीत घाला; अक्षर एक सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आतली पोकळी तुटते. कन्नडची वळणं कापताना हत्यार फिरवू नका, लिनो फिरवा, आणि दुसरा हात कायम धारेच्या मागे. शाई जास्त झाली की बारीक रेघा बुजतात. कागद छत्तीस घ्या, पहिले चार-पाच ठसे फिकेच येतात. कागद शाई लावलेल्या लिनोवर ठेवून चमच्याच्या पाठीनं घासा आणि दोरीवर चिमट्यानं वाळत घाला. ओले ठसे एकावर एक रचले तर सगळे डागाळतात.

अल्बमात एखादी जुनी ओवीही असेल तर ‘पारंपरिक’ लिहा, शिकवणारीचं नावही तिला विचारून द्या. कवी माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, परवानगी लागते. गाणी आधी अपलोड करा, मग त्यांच्या दुव्याचा क्यूआर कोड छापून कव्हरच्या मागे चिकटवा आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.