निळ्या मिठाचा स्फटिक जपताना

न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाडच्या पोटॅश खाणींतून मिळणारा निळा हॅलाइट म्हणजे मीठच, सोडियम क्लोराइड. म्हणून तो पाण्याने कधीही धुऊ नका. धूळ कोरड्या, मऊ ब्रशने झटका. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की तो पाणी ओढून पाझरू लागतो. धारदार कडा एकदा विरघळल्या की गेल्याच! हवाबंद पारदर्शक डबीत सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणारे दाणे) ठेवा आणि जेल वेळोवेळी बदला. हाताळताना हातमोजे हवेत, बोटांचा घामही पृष्ठभाग खातो.

हा निळा रंग कुठल्या रंगद्रव्याचा नाही. शेजारच्या खनिजांतल्या पोटॅशियमच्या किरणोत्सारामुळे स्फटिकाच्या रचनेत पडलेल्या दोषांतून तो येतो, असं मानलं जातं. तापवल्यास तो उडतो, त्यामुळे तापणाऱ्या दिव्याखाली मांडू नका.